एप्रिलअखेर धरणकाठची केबिन: आठ माणसं, दोन रात्री. पवना, मुळशी की पानशेत?

कर्वेरोडकर | सोमवार, सकाळी 9:10

माणसं आठ: चार मोठी, दोन सत्तरीच्या पुढची, दोन मुलं (वय 6 आणि 11). एप्रिलचा शेवटचा आठवडा, दोन रात्री, कोथरूडपासून दोन तासांच्या आत. रिसॉर्ट नको. लाकडाची किंवा मातीची साधी केबिन, समोर पाणी, संध्याकाळी चूल पेटवता आली पाहिजे. पवनेच्या काठावरची एक ए-फ्रेम (त्रिकोणी) केबिन बघितली आहे. जाहिरातीत 'लेक टच' लिहिलंय, फोटोत शेवटच्या पायरीला पाणी लागलंय. निम्मे पैसे आगाऊ मागताहेत. पैसे पाठवायच्या आधी काय काय विचारून घ्यावं? जाणकारांनी लिहावं.

पाणकोंबडी | सोमवार, 9:48

तो फोटो सप्टेंबरचा असणार. पाण्यामागचा डोंगर बघा. एप्रिलात तिकोना असा हिरवागार नसतो, वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो.

पुण्याच्या पश्चिमेला 'लेक' म्हणून जे विकलं जातं ते जवळजवळ सगळं धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. तळ्याचा काठ जागेवर राहतो, धरणाचा चालतो. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं, पाऊस संपला की उतरायला लागतं, ते पुढचा पाऊस लागेपर्यंत उतरतच राहतं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. पानशेत-वरसगावचं पुणं पितं आणि कालव्याखालची शेती. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्राकडे, खाली कोकणात जातं. तुमचा एप्रिलअखेर म्हणजे उतरतीचा शेवट.

पाणी किती लांब जातं त्याचा हिशेब करून बघा. काठाचा उतार वीसास एक असेल आणि पातळी 5 मीटर उतरली, तर पाणी पायरीपासून 100 मीटर मागे गेलं. पातळी 8 मीटर उतरली तर 160. मधल्या पट्ट्यात गाळ. वरून तडे गेलेला, वाळून खडखडीत झालेला दिसतो, पण पाण्याच्या शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये पापुद्र्याखाली लोणी असतं. सहा वर्षांचं मूल त्यात गुडघ्यापर्यंत रुततं आणि चप्पल आतच राहते. पवनेच्या पोटातलं वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, लोक चालत दर्शनाला जातात. त्या दिवसांत 'लेक टच' पायरी कशाला टच करत असेल?

तपासायचं कसं: संगणकावर गूगल अर्थ उघडा, जागेवर जा, जुनी छायाचित्रं बघायची पट्टी सरकवा. एप्रिल-मेचं एखादं चित्र सापडलं तर काठ कुठे होता ते दिसतं. त्याहून ताजं हवं असेल तर युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट बघायला मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवं येतं. गेल्या वर्षीच्या एप्रिलातला ढग नसलेला दिवस निवडा. आणि मालकाला सांगा, आजचा व्हिडिओ पाठवा: केबिनच्या पायरीवरून सुरुवात, कॅमेरा बंद न करता पाण्यापर्यंत चालत जायचं. जो पाठवतो त्याच्याशी पुढचं बोला.

कर्वेरोडकर | सोमवार, 10:05

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग एप्रिलात काठ कमी सरकणारी जागा कुठली?

सांगरूणचा | सोमवार, 10:31

खडकवासला. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साखळीत हे सगळ्यात लहान, 1.97 टीएमसी (अब्ज घनफूट). वर पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. कालवा आणि शहराचं पाणी खडकवासल्यातूनच उचललं जातं, म्हणून वरच्या धरणांतून पाणी सोडून ते राखतात. वरची धरणं रिकामी होत जातात, खडकवासला त्यामानाने भरलेला दिसतो. गोऱ्हे, खानापूर, सांगरूण भागात शेतघरं आणि लहान केबिन भाड्याने मिळतात. पलीकडच्या काठाला एनडीएची (लष्करी प्रबोधिनीची) हद्द आहे, तिकडे बोट किंवा पाय काहीही नेऊ नका.

मुळशीकडचा | सोमवार, 10:52

खडकवासल्याला निवांतपणा कुठला? रविवारी चौपाटीवर भजी आणि हॉर्न. त्यापेक्षा मुळशीचा उभा काठ बघा. उभ्या काठाला पाणी 8 मीटर उतरलं तरी आडवं फार सरकत नाही, वरून पाणी दिसत राहतं. बाकी जागा शांत.

सांगरूणचा | सोमवार, 11:03

उभा काठ आणि सत्तरीपुढची दोन माणसं? केबिनपासून पाण्यापर्यंत साठ-सत्तर ओबडधोबड पायऱ्या, कठडा नाही. पाणी नुसतं बघायचं असेल तर मुळशी छान. पाण्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं असेल तर नाही.

पाणकोंबडी | सोमवार, 11:20

दोघांचंही बरोबर, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: पाण्यात उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यानेही नाही. खाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता बांध संपतो आणि पुढचं पाऊल दोन मीटर खाली जातं. वर गाळ पाय सोडत नाही. हवा भरलेली ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ती वाऱ्याने आत जाते. बोटिंग करायचंच असेल तर मुलांच्या मापाचं जॅकेट, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं. खांद्याला धरून उचलल्यावर मूल खाली घसरलं तर ते माप त्याचं नाही.

वायरमन | सोमवार, 13:15

एप्रिलात केबिन म्हणजे आधी छप्पर. ए-फ्रेममध्ये छप्पर हीच भिंत असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी दिवसभर ऊन. खिडक्या फक्त पुढच्या-मागच्या त्रिकोणात. पुढे मोठी काच आणि मागे संडास-बाथरूम असेल तर वारा आरपार जातच नाही, दुपारी आत भट्टी. विचारा: पत्र्याखाली थर्माकोल, ग्लासवूल किंवा फळ्यांचं अस्तर आहे का, मागच्या त्रिकोणात उघडणारी खिडकी आहे का. वरच्या माळ्यावर मुलांना झोपवतात, गरम हवा सगळी तिथेच साठते. तिथे पंखा लागतो, आणि शिडीच्या तोंडाशी कठडा. मातीच्या भिंतीची, कौलारू खोली एप्रिलात ए-फ्रेमला दहा वेळा भारी, फोटोत मात्र दिसत नाही.

वीज. दुपारी तीन-चारनंतर वळवाचा पाऊस आला की आधी वारा, मग फांदी तारेवर, मग अंधार. खेड्यातल्या फीडरवर दुरुस्ती रात्रीत होईलच असं नाही. 'इन्व्हर्टर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. बॅटरी किती ती विचारा. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. वापरात हजार-बाराशे धरा. साधे चार पंखे 300 वॉट आणि दिवे 60, म्हणजे सुमारे तीन तास. जुनी बॅटरी असेल तर दीड. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे (28 ते 35 वॉटचे) असतील तर हाच वेळ जवळजवळ दुप्पट होतो. पाण्याचा पंप आणि फ्रिज इन्व्हर्टरवर नसतात, हे धरूनच चला.

पंप: व्होल्टेज 170-180 वर आलं की एक एचपीची सिंगल फेज मोटर नुसती हुं हुं करते, फिरत नाही. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. म्हणून पोचल्या पोचल्या टाकी भरून घ्यायला सांगा, संध्याकाळी सहाची वाट बघू नका. आठ माणसांना दिवसाला माणशी 80-100 लिटर धरले तर 800. टाकी हजाराची हवी, पाचशेची पुरत नाही. टाकी शेजारच्या केबिनबरोबर सामायिक आहे का हेही विचारा.

अर्धाकप | सोमवार, 13:40

वायरमनभाऊ, आम्ही डिसेंबरात जाणार. गिझरचं पण सांगून टाका.

वायरमन | सोमवार, 14:02

15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 21 मिनिटं घेतो. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की अंघोळीचं 30 लिटर, म्हणजे दीड-पावणेदोन बादल्या. आठ माणसं, एक गिझर: तीन तास. हे 230 व्होल्टला. 180 व्होल्टला गिझरची ताकद साठ टक्क्यांवर येते, तेच पाणी तापायला 34 मिनिटं, मग आठजणांना साडेचार तास. शेवटचा माणूस दुपारच्या जेवणालाच अंघोळ करून बसेल. धरणकाठी तांब्याचा बंब असलेली जागा मिळाली तर डोळे मिटून घ्या. लाकूड मागतो, व्होल्टेज मागत नाही.

गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर लावलेला हवा. बंद बाथरूममध्ये लावलेला दिसला तर वापरू नका. अगदी नाइलाजच असला तर बादली भरेपर्यंत दार उघडं, गिझर बंद करून मगच आत जायचं.

अर्धाकप | सोमवार, 14:11

आणि थंडीला शेगडी? निखारे भरलेली शेगडी खोलीत ठेवून देतात असं ऐकलं.

दवाखाना | सोमवार, 14:30

नाही. तंबूत, केबिनमध्ये, गाडीत, कुठेही नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं धोका गेला. खरं तर धूर संपून कोळसा लाल झाला की वायू भरपूर निघत असतो आणि आपण सावध राहत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्याला तेही कळत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवणं पुरत नाही. शेकोटी बाहेर, रग आत. झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतून काठीने उलटंपालटं करायचं, पुन्हा पाणी.

एप्रिलवाल्यांसाठी वेगळं. उकाड्यात साप-विंचू रात्री बाहेर पडतात. विषारी मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार त्यात सगळ्यात फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नसल्यात जमा. काही तासांनी पापण्या जड होतात, पोट दुखतं, बोलणं अडखळतं. म्हणून जमिनीवर गाद्या टाकून झोपायचं असेल तर मच्छरदाणी हवीच आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचलेल्या हव्यात. लटकत्या कडेचा उपयोग नाही. साप चावला तर वर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून न हलवता ठेवा, 108 ला फोन करा आणि सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. सर्वात जवळचं कुठलं ते केबिनच्या मालकाला आधीच विचारून ठेवायचं, रात्री दोन वाजता नाही.

लाल विंचू मुलांना फार जड जातो. थंडगार घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. यावरचा प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला, गोळी स्वस्त आहे, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. सकाळी बूट-चपला उलट्या करून झटकायच्या, टॉवेलसुद्धा.

हिशेबी | सोमवार, 17:20

पैशाकडे येतो.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी जागेचं नेमकं लोकेशन मागा. 'पवनानगरजवळ' हे लोकेशन नव्हे. इन्स्टाग्रामवर खऱ्या केबिनचे फोटो उचलून खोटी पानं चालवणारे कमी नाहीत. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, तेच फोटो तीन वेगळ्या नावांनी निघाले तर थांबा. व्हिडिओ कॉलवर केबिन दाखवायला सांगा. पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव मालकाने सांगितलेल्या नावाशी जुळतं का बघा. निम्म्याऐवजी चौथा हिस्सा आगाऊ घ्या म्हणा, बाकी पोचल्यावर. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

दर माणशी आहे की अख्ख्या केबिनचा? पवनेकडे बऱ्याच ठिकाणी माणशी असतो: संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, थोडं बार्बेक्यू, सकाळचे पोहे. येणं दुपारी तीन-चारला, निघणं सकाळी दहा-अकराला. नीट बघा, यात दुपारचं जेवण कुठेच नाही. दोन रात्री राहिलात तर मधल्या दुपारचं वेगळं ठरवा. सहा वर्षांच्या मुलाचा दर निम्मा की पूर्ण, तेही लेखी.

सगळ्यात मोठा घोटाळा 'प्रायव्हेट' शब्दात आहे. केबिन प्रायव्हेट असते, पण समोरचं अंगण चाळीस तंबूंचं आणि मधोमध स्पीकर. विचारा: त्या रात्री त्या आवारात एकूण किती माणसं असतील? ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, पण रात्री साडेअकराला 112 लावण्यापेक्षा शनिवार टाळणं सोपं. रविवार-सोमवार राहा, दरही उतरतो.

कागद: राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली किंवा निवास-न्याहारी योजनेत पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का विचारा. नसेल तर जागा वाईटच असं नाही, पण असेल तर मालक पुढच्या वर्षीही तिथे असेल. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खालच्या उघड्या जमिनीवर तंबू लावतात, ती जमीन धरणाची असते. तिथून उठवलं तर पैसे कोण परत देणार, हे आधीच ठरवा.

मुळशीकडचा | सोमवार, 17:41

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही बघावेत. ताम्हिणी, लोणावळा, पवना भागात धबधबे आणि काठांवर दर वर्षी बंदी लागते, नाक्यावरून परत पाठवतात.

चुलीवरची | सोमवार, 19:05

जेवण मालकाकडून घेणार असाल तर 'चुलीवरचं' म्हणजे खरंच चुलीवरचं का, विचारायला लाजू नका. स्वतः करणार असाल तर केबिनच्या स्वयंपाकघरात दोन पातेली आणि एक वाकडी कढई एवढंच असतं असं धरा. न्यायचं: पाच लिटरचा कुकर (शिट्टी आणि गॅस्केट तपासून), पोळपाट-लाटणं, धार असलेली सुरी, उलथनं, दोन काडेपेट्या वेगवेगळ्या पिशव्यांत. गॅसची टाकी हलवून बघा, सुटी टाकी आहे का विचारा.

आठजणांना इंद्रायणी तांदूळ एका वेळी 600 ग्रॅम पुरतो. मावळात घ्याल तो बहुधा नवा तांदूळ असेल, त्याला घरच्या जुन्यापेक्षा पाणी कमी लागतं. दीडपट-पावणेदोनपटीवर थांबा, नाहीतर भाताचा लगदा. तांदळाच्या पिठाच्या किलोत दहा-बारा भाकरी होतात, उकड काढायला पाणी गरम लागतं हे विसरतात. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, एप्रिल आहे. म्हणजे दोन दिवसांना 64, वीस लिटरचे तीन जार आणि वर थोडं. विहिरीचं पाणी गोड लागलं तरी शोषखड्डा किती लांब आहे ते बघा. विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर ते पाणी फक्त भांड्यांना.

चूल पेटवायची ती झाडलेल्या जमिनीवर, भोवती दोन मीटर गवत नको, बाजूला दोन बादल्या पाणी भरून. एप्रिलात डोंगराचं गवत कागदासारखं पेटतं. तीन तासांच्या शेकोटीला दहा-बारा किलो वाळलेलं लाकूड पुरतं, मालकाकडून विकत घ्या, रानातून तोडू नका.

अर्धाकप | सोमवार, 19:22

उकाड्यात शेकोटी कोण करतं?

चुलीवरची | सोमवार, 19:26

मुलं करायला लावतात.

सांगरूणचा | मंगळवार, 8:15

आजी-आजोबांसाठी आणखी चार गोष्टी. कमोड आहे की भारतीय. संडास केबिनला लागून आहे की अंगणापलीकडे. गाडी केबिनच्या किती जवळ जाते (शेवटचे दोनशे मीटर कच्च्या चढाचे असतात, फोटोत कधीच नसतात). आणि रेंज कुठल्या कंपनीची येते, घरातल्या कुणाकडे ते सिम आहे का.

परतीला रविवारी चार ते आठ पानशेत रस्त्याला लागू नका. सिंहगडाची उतरलेली गर्दी डोणज्याला मिळते आणि खडकवासला चौपाटीपर्यंत रांग लागते. मुळशीकडून भूगाव-चांदणी चौक त्याच वेळी तसाच.

कर्वेरोडकर | बुधवार, 20:40

पवनेवाल्यांनी व्हिडिओ पाठवला. कॅमेरा बंद न करता, प्रामाणिकपणे. पायरीपासून पाणी 190 पावलं. मागचा त्रिकोण बंद, इन्व्हर्टर 150 एएच, टाकी पाचशेची, दोन केबिनमध्ये मिळून. खानापूरच्या बाजूला एक कौलारू शेतघर विचारलं: पाणी 40 पावलं, टाकी हजाराची, कमोड एक, बंब आहे, गाडी दारात. फक्त फोटो अगदीच साधे आहेत.

पाणकोंबडी | बुधवार, 21:02

190 पावलं म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटर, आणि हा मार्च आहे. एप्रिलअखेरपर्यंत अजून उतरेल. खानापूरवाल्याला विचारा, 40 पावलं सपाट आहेत की उताराची, आणि मध्ये बांध किती. आजींना दोन बांध ओलांडायचे असतील तर खुर्च्या वरच झाडाखाली मांडायला सांगा.

वायरमन | बुधवार, 21:10

आणि बंब शेवटचा कधी पेटवला होता ते. वर्षभर बंद असेल तर तळाचा नळ गळतो, पोचायच्या आधी एकदा भरून बघायला सांगा.